नळाजवळची फरशी

फरशी गेली हे वहिनीला कळलं मंगळवारी, आणि आई कायमची ताईकडे जायची होती शनिवारी.

वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. चोवीस वर्षांपूर्वी ती या घरात आली तेव्हा धाकटा दीर तिला वहिनी म्हणू लागला, त्याचं ऐकून कामाच्या बायका म्हणू लागल्या, मग गिऱ्हाइकं, आणि शेवटी खुद्द सासूही सुनेला वहिनीच म्हणायला लागली. "अगं वहिनी, चहा टाक," असं सासू सुनेला म्हणते हे पाहून नवा माणूस गोंधळायचा. घरातल्यांना त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये या कुटुंबाचा कारखाना होता. कारखाना हा शब्द बाबांचा. एरवी ती एक लांबट खोलीच. पण तिथून निघालेली सिमेंटची कासवं, पक्ष्यांना पाणी प्यायची पसरट भांडी, फुटक्या काचांचे तुकडे जोडून केलेले दिवे आणि पानांचे ठसे उमटवलेल्या फरश्या गावातल्या निम्म्याअधिक बागांमध्ये होत्या. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. त्यानंतर थोरल्याच्या छातीत सिमेंटची धूळ बसली, डॉक्टरांनी सरळ सांगितलं की आता या धंद्याला हात लावायचा नाही, आणि कारखाना बंद करायचं ठरलं. आईचे गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू. ताई थोरल्याची मोठी बहीण, तिच्या चौथ्या मजल्यावरच्या घराला लिफ्ट होती. आई कुरकुर न करता हो म्हणाली. तिची अट एकच होती.

"मला काही नको तुमचं. भांडी नकोत, कपाट नको. नळाजवळची फरशी तेवढी माझ्याबरोबर येईल."

नळाजवळची फरशी म्हणजे मधल्या मुलाची. या घरात मूल पाच वर्षांचं झालं की बाबा त्याचा उजवा पाय ओल्या सिमेंटात उमटवून घ्यायचे आणि ती फरशी फाटकापासून शेडपर्यंतच्या पायवाटेत बसवायचे. ताईची होती, थोरल्याची होती. मधला साडेसहा वर्षांचा असताना तापात गेला, त्याला आता चौतीस वर्षं झाली. तो गेल्यावर बाबांनी त्याची फरशी पायवाटेतून काढून नळाजवळ आणली, कुणाचा पाय पडू नये म्हणून. तेव्हापासून आई रोज सकाळी तिच्यावर तांब्याभर पाणी घालायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "सिमेंट आहे. पाणी मिळेल तितकं पक्कं होतं." धाकट्याची फरशी मात्र नव्हती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी वहिनीने नवऱ्याला त्याबद्दल विचारलं होतं, तेव्हा तो मूग गिळून बसला. मग तिनेही पुन्हा विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात नळाची पाइपलाइन बदलायला प्लंबर आला, त्याने फरशी उचलून बाजूला ठेवायला सांगितली. वहिनीने ती शेडमध्ये नेली आणि चोवीस वर्षांच्या सवयीने चेहरा खाली करून ठेवली. कारखान्याचा तो नियमच होता. ठशाची बाजू खाली, पाठ वर, म्हणजे वरून काही पडलं तरी नक्षीला ओरखडा यायचा नाही. ठेवली तीही तयार मालाच्या शेजारी. दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाईंची चाळीस फरश्यांची ऑर्डर जायची होती. ती कारखान्याची शेवटची ऑर्डर. वहिनीने पाठी मोजल्या, चाळीस भरल्या आणि टेम्पो हलवला.

मंगळवारी नळाचं काम संपलं म्हणून ती फरशी आणायला शेडमध्ये गेली. एकच फरशी राहिली होती. तिने ती उलटली, तर खाली पिंपळाचं पान.

ती तशीच डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यावर गेली. फरशी तिथे होती, फाटकातून आत शिरल्यावर पहिलीच. "तुम्ही भेट म्हणून दिलीत असं वाटलं मला," बाई म्हणाल्या. "आमची लेक शाळेतून आली की आधी त्यात पाय ठेवते, मग घरात येते." बाई भल्या होत्या, लगेच गवंड्याला बोलावलं. गवंड्याने पहारीचं टोक कडेला लावून पाहिलं आणि मान हलवली. सगळ्या फरश्या पक्क्या मसाल्यात बसवल्या होत्या. "निघेल, पण तुकड्यातुकड्यांत निघेल," तो म्हणाला.

संध्याकाळी आईने विचारलं, "फरशी जागेवर ठेवलीस का गं?"

"नळाचं सिमेंट ओलं आहे अजून," वहिनी म्हणाली. सासूशी ती खोटं बोलली नव्हती असं नाही, पण असलं खोटं कधी बोलली नव्हती.

बुधवारी सकाळी सामान बांधायला सगळी भावंडं शेडमध्ये जमली, तेव्हा तिने आधी त्यांना सांगितलं. आई घरात होती.

ताई कासवं वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तिचे हात थांबले.

"विकली? मधल्याची फरशी विकली?"

"चुकून गेली हो, ताई. पालथी होती. पाठी सगळ्या सारख्याच."

"चुकून मीठ जास्त पडतं, वहिनी. चुकून माणूस विकत नाहीत."

थोरला रिकाम्या पोत्यावर बसला होता. तो खोकला, मग म्हणाला, "ताई, जरा हळू. आई ऐकेल."

"ऐकेलच ना! शनिवारी काय दाखवणार आहात तिला? पिंपळाचं पान?"

धाकटा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. या घरातला तो एकटाच सिमेंटच्या वाटेला न गेलेला. चष्म्याचं दुकान होतं त्याचं.

थोरलाच म्हणाला, "दुसरी करू."

"म्हणजे?"

"म्हणजे दुसरी ओतू. साचा हाच, वाळू हीच. आज ओतली तर शनिवारी हलक्या हाताने उचलता येईल. चहाचं पाणी आणि राख चोळली की जुनी दिसते, वहिनीला येतं ते. आईला आता दिसतं कुठे? हाताने चाचपते फक्त."

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. तो तिला वाचवायला बघत होता, हे तिला कळलं. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनाने तेवढ्यात चहा, राख आणि कडा झिजवायच्या तासणीचा हिशेब सुरूही केला होता. स्वतःची तिला लाज वाटली.

ताईचा सूर बदलला. मघाशी वहिनीवर तुटून पडलेली ताई आता भावाच्या बाजूला सरकली. "पाय कुणाचा घ्यायचा?"

"धाकट्याच्या लेकीचा. पाच पूर्ण झालीत ना तिला? काय रे?"

धाकटा हसला. त्या हसण्यात हसू नव्हतं.

"घ्या ना," तो म्हणाला. "आमच्या घरात पायच पाय आहेत. बापाचा झाला, आता लेकीचा घ्या."

"म्हणजे काय?" ताईने विचारलं.

"म्हणजे काही नाही. बांधा तुम्ही कासवं."

"धाकट्या, धड बोल."

तो आत आला. बाबांच्या ठोकळ्यावर बसला, ज्यावर बसून बाबा काचा लावायचे. बोलताना तो कुणाकडेच बघत नव्हता.

"मधल्याची फरशी बाबांकडून फुटली होती. पायवाटेतून काढताना, पहार लावली आणि बरोबर मधून गेली. आई तेव्हा मामाकडे होती, तुम्ही दोघं पण तिच्याबरोबर. घरात मी आणि बाबाच. बाबा त्या तुकड्यांजवळ बसून रडत होते. मला वाटलं, मीच काहीतरी केलं. मग त्यांनी नवी ओतली आणि माझा पाय धरला. मला तेव्हा नुकतं पाचवं लागलं होतं. मी किती खूश झालो माहितेय? म्हटलं, माझी फरशी! तर बाबा म्हणाले, 'ही मधल्याची हं. आईला कधी सांगायचं नाही. हे आपलं दोघांचं.'"

बाहेर नवीन नळ ठिबकत होता.

"माझी वेगळी करू म्हणाले होते, नंतर," धाकटा म्हणाला. "मग राहिलं."

"आणि तू चौतीस वर्षं..." थोरला पोत्यावरून अर्धवट उठला.

"रोज सकाळी खिडकीतून बघायचो. आई माझ्या पायावर पाणी घालायची आणि त्याच्यासाठी रडायची. मी शाळेत पडलो, गुडघा फुटला, तेव्हा ती म्हणाली होती, 'नळावर धुऊन ये.' त्याच नळावर." त्याने चष्मा काढून पुसला. "मला राग नाही आता. पण अजून एका पोराचा पाय चोरायचा नाही. माझ्या लेकीचा तर नाहीच."

ताई रडायला लागली. रडता रडताच म्हणाली, "पण मग आईला काय सांगायचं? तिला हे कळलं तर तिचा मुलगा दुसऱ्यांदा जाईल रे."

"हे सांगायचं नाही," धाकटा म्हणाला. "फरशी गेली एवढंच सांगायचं. ती गेलीच आहे ना. बाकीचं माझ्यापाशी होतं, माझ्यापाशी राहू दे. वहिनी, तुम्हाला माझी शपथ आहे."

"मी सांगते आईंना," वहिनी म्हणाली. "माझ्या हातून गेलीय. मीच सांगते."

"मी येतो बरोबर," थोरला म्हणाला.

"नको. तुम्ही खोकाल, त्यांचं लक्ष तिकडे जाईल."

आई पडवीत बसून काचेचे तुकडे रंगांप्रमाणे वेगळे करत होती. धंदा बंद झाला होता, तुकडे कुणालाच लागणार नव्हते. पण हाताला सवय होती. हिरवा आणि निळा तिला आता एकच दिसायचा, त्यामुळे दोन्ही एका डब्यात पडत होते. वहिनी समोर बसली आणि पायरीवरून उडी मारावी तसं एका दमात सगळं सांगून टाकलं. प्लंबर, पालथी फरशी, चाळीस पाठी, गवंडी. धाकट्याचं तेवढं गिळलं.

आईचे हात डब्यातच राहिले.

"चेहरा खाली ठेवली होतीस?"

"हो."

"मग बरोबर ठेवलीस. मीच शिकवलं तुला ते."

"आई, मला काहीतरी बोला हो. असं म्हणू नका."

"काय बोलू?" म्हातारीचा आवाज फुटला. "मीच उचलून माझ्या खाटेखाली ठेवायला हवी होती. नाही ठेवली. एका पोराला किती वेळा सांभाळायचं राहतं माझ्याकडून!" आणि ती पदरात तोंड घालून रडली. वहिनी तिच्या गुडघ्याला धरून बसली आणि तीही रडली. सासू-सुनेचं भांडण या घराने पुष्कळ पाहिलं होतं. दोघी मिळून रडलेल्या पहिल्यांदाच पाहत होतं.

बऱ्याच वेळाने आईने विचारलं, "पाय पडतो तिच्यावर?"

"डॉक्टरीणबाईंची लेक ठेवते. शाळेतून आली की. बरोब्बर मावतो म्हणे."

"केवढी आहे?"

"सहा-सात वर्षांची असेल."

"ठेवू दे," आई म्हणाली. डोळे पुसले, डबा बाजूला सारला. मग, जणू त्याच विषयाचं पुढचं वाक्य असावं तसं, म्हणाली, "धाकट्याची राहिली."

वहिनीने डबा भिंतीकडे सरकवला.

"सगळ्यांना वाटतं मला आठवत नाही. आठवतं. त्याला पाचवं लागलं त्या वर्षी मी कुणाचीच आई नव्हते. मग सहावं लागलं, सातवं लागलं. पुढे विचारायचीच लाज वाटायला लागली." तिने भिंतीला धरून उठायचा प्रयत्न केला. "सिमेंट आहे का शिल्लक?"

"अर्धं पोतं आहे."

"घमेलं काढ. आणि त्याला बोलव. आहे ना अजून? का गेला चष्मे विकायला?"

धाकट्याने आधी उडवून लावलं. "आई, चाळिशी आली माझी. आता काय पाय उमटवतेस! बागेत लावलीस तर पक्षी घाबरतील."

"अंघोळ केलीयेस ना? मग घाबरत नाहीत. बूट काढ."

ताई हसली आणि लगेच पुन्हा रडली. सिमेंट कालवताना थोरल्याला धुळीत यायची मनाई होती, तो दारात नाकाला रुमाल लावून उभा राहिला आणि तिथून सूचना देत राहिला, ज्यांची कुणालाही गरज नव्हती. लहान साचा धाकट्याच्या पायाला पुरेना. वहिनीने पक्ष्यांच्या भांड्याची मोठी लाकडी चौकट घेतली, आतून तेल लावलं. एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू. आई शेडमध्ये आणलेल्या खुर्चीवर बसून बोटांनी मसाला तपासत होती. "अजून घट्ट. अजून. हां, आता ओत." वहिनीने ओतलं, थापीने सपाट केलं, चौकट कडेने ठोकून बुडबुडे काढले. मग सगळे पाणी जिरायची वाट बघत बसले, वरची चकाकी जाईपर्यंत. त्या आधी पाय ठेवला तर ठसा बुडतो, उशीर केला तर उमटतच नाही. ती वेळ आईला विचारावी लागायची. इतकी वर्षं काम करूनही वहिनीला ती स्वतः ठरवता आली नव्हती.

आईने करंगळीचं टोक पृष्ठभागावर टेकवलं. "आता."

धाकट्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला आणि उजवा पाय टेकवला. आईने त्याच्या पावलावर दोन्ही तळहात ठेवून दाबलं. आपला भार कमी पडतोय असं तिला वाटलं असावं, कारण ती खुर्चीवरून पुढे सरकून जवळजवळ त्याच्या पायावर वाकली. त्याचा चेहरा वहिनीला दिसत होता. पाच वर्षांचं पोर बक्षीस मिळताना करतं तसा त्याने केला होता, आणि तो लपवायला तो छताच्या पत्र्याकडे बघत होता.

"उचल. सरळ वर."

ठसा स्वच्छ उमटला.

"जा, धुऊन घे, सिमेंट खातं कातडी," दारातून थोरला म्हणाला.

"तो नाही जाणार," आई म्हणाली. "वहिनी, बादली इकडे आण."

वहिनीने नव्या नळाची बादली भरून आणली. धाकटा ठोकळ्यावर बसला, "अगं मी धुतो ना," म्हणत राहिला, पण आईने त्याचा पाय मांडीवर ओढून घेतला होता. तांब्याने पाणी घातलं. टाच चोळली, तळवा चोळला, मग एकेक बोट. अंगठा, त्याच्या शेजारचं, त्याच्या पुढचं. करंगळीपाशी तिचा हात आला आणि थांबला.

धाकट्याची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती, जन्मापासून. वहिनीने चोवीस वर्षांत त्याचे पाय कधी असे पाहिले नव्हते. फरशी मात्र तिने शंभर वेळा पुसली होती. त्या ठशातही करंगळीची जागा रिकामी होती, आणि शेजारच्या बोटावर एक छोटी तिरपी खूण होती.

आईची बोटं त्या करंगळीवरून एकदा फिरली. पुन्हा एकदा फिरली. डोळ्यांना न दिसणारं वाचावं तशी हळू, कडेकडेने. ताईने तोंडावर हात ठेवला होता.

"मला वाटायचं," आई म्हणाली, "ओल्यात पाय हलला असेल त्याचा."

धाकटा खाली बघत होता. "आई, बाबांच्या हातून..." त्याने सुरुवात केली.

"नको सांगूस."

तिने तांब्या भरला आणि त्याच्या पायावर ओतला. सिमेंट कधीच गेलं होतं. तिने पुन्हा भरला.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"रोज बघत होतास?"

"शाळेत जाईपर्यंत बघायचो. मग उशीर व्हायचा."

आईची मान हलत राहिली. "म्हणजे त्याचं काहीच नाही माझ्याकडे," ती म्हणाली. आवाजात रडणं नव्हतं, नुसतं कळणं होतं, आणि ते ऐकवत नव्हतं. "कधीचंच नाही."

वहिनीला वाटलं आता धाकटा काहीतरी म्हणेल, समजावेल. पाय तसाच तिच्या मांडीवर ठेवून तो बसून राहिला. तिचं लुगडं भिजून पाणी जमिनीवर आलं, ओघळत चौकटीपाशी गेलं. नव्या ठशाला पाणी लागू नये म्हणून वहिनी पोतं घ्यायला वाकली.

आईने पदराने तो पाय पुसला. बोटांच्या मधून पुसला, करंगळी उचलून तिच्या खालूनही पुसला. मग तो जमिनीवर ठेवला आणि हात पुढे केला.

"दुसरा दे."

दुसऱ्या पायाला काहीच लागलं नव्हतं. त्यात मोजा होता, बूट होता. धाकट्याने बुटाची नाडी सोडायला घेतली. ती सुटेना, तेव्हा थोरला नाकावरचा रुमाल काढून धुळीत शिरला आणि धाकट्या भावासमोर उकिडवा बसून त्याने ती सोडवली.